मास्तरची मुंबई

१६ जानेवारी १९५३, शुक्रवार. किन्हीराजा.

शाळा सुटता सुटता तांड्यावरचा सोमला नाईक पोस्टकार्ड घेऊन आला. तांड्यात वाचता येणारं मोठं माणूस कोणी नाही, म्हणून तिथं आलेलं प्रत्येक कार्ड माझ्याच हाती पडतं. हे त्याच्या पोराचं, देवलाचं. देवला दोन वर्षं झाली मुंबईला गोदीत हमाली करतो. कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं : ‘पायावर पेटी पडली. परळच्या दवाखान्यात आहे. डॉक्टर पाऊल कापायचं म्हणतात. बापूनं डोक्यावर हात ठेवल्याशिवाय मी कापू देणार नाही. बापूला लवकर धाडा. भेटायची वेळ चार ते सहा.’

सोमलानं कार्ड परत घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि पागोट्यात खोचलं. म्हणाला, ‘‘मास्तर, तुमाले त मुंबई ठाऊक हाये. तुमीच चला संगं. मी कुठी हुडकू?’’

‘‘चला की,’’ मी म्हणालो. निघून गेलं तोंडातून.

या वहीत तरी खरं लिहितो. मी मुंबई पाहिलेली नाही. सहा वर्षांपूर्वी नोकरी शोधायला निघालो, भुसावळच्या फलाटावरची गर्दी पाहिली आणि इतका घाबरलो की तिथंच उतरलो. रेल्वेत कारकून असलेल्या एका वर्गमित्राच्या खोलीवर पाच महिने काढले. त्याच्याकडे मुंबईचा जुना नकाशा होता, ट्रामचे रस्ते लाल रेघांनी दाखवलेले. ते मी बसून बसून पाठ केले. गावी परतलो तर लोक विचारू लागले, ‘‘कशी हाये मुंबई?’’ आणि मी सांगत सुटलो. शाळेच्या भिंतीवर गेरूनं ट्राम काढली, भूगोलाच्या तासाला पोरांना तिच्यात बसवून कुलाब्यापासून दादरपर्यंत नेतो. उकंडरावांनी मुलगी दिली तीसुद्धा ‘मुंबई पाहिलेला पोरगा’ म्हणून.

बायकोला, प्रयागला, सांगितलं तर ती माझ्या तोंडाकडे पाहून हसली. म्हणाली, ‘‘बरं झालं. जाऊन या एकदाचं.’’

१७ जानेवारी, शनिवार.

मामंजी, म्हणजे उकंडराव, शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांनी रजा दिली आणि पारावर चार लोकांत गर्जना केली, ‘‘आमचे जावई डोये झाकून नेतीन परळले! बोरीबंदरले उतरलं, ट्राममदी बसलं, टनटन टनटन, झालं.’’ हे टनटन त्यांना मीच शिकवलं आहे.

सोमला हात जोडून उभा होता. अजून वेळ होती. ‘नाईक, दुसरा कोणी पाहा’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, ‘‘सोमवारी संध्याकाळी भाकरी बांधून ठेवा, मंगळवारी पहाटे निघू.’’

२० जानेवारी, मंगळवार. अकोला स्टेशन.

आमच्या इकडच्या मालेगावपर्यंत सोमलाच्या गाडीनं, तिथून मोटारीनं इथं. गाडीत बसताना म्हाताऱ्यानं मला दोनदा जागा बदलायला लावली. ‘‘मागं नोका बसू मास्तर, गाडी उलार व्हते.’’ मागं वजन झालं की जू वर उठतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. सगळा जन्म गाडीबैलात गेलेला माणूस, त्याला बसल्या जागी वजन कळतं.

फलाटावर गाडीची वाट पाहताना तो आपल्या बापाच्या गोष्टी सांगत बसला. बाप लदेणीचे बैल हाकायचा, मीठ न् धान्य पाठीवर लादून पार हिंगोली-नांदेडपर्यंत. ‘‘तवा पुढं एक वाटाड्या राहे, मास्तर. थो चुकला तरी वाटंत त्याले कोनी टोकत नसे. बापाची शिकवन व्हती. वाटाड्याचा धीर गेला का सारा तांडा गेला. बैलाच्या पाठीवरचं ओझं उतरलं, का मंग इचारायचं.’’

जुन्या काळच्या गमती. मी हूं हूं करत मनात ट्रामचे थांबे घोकत होतो.

२१ जानेवारी, बुधवार. मुंबई, धर्मशाळा.

काय लिहू? लिहायची लाज वाटते, पण न लिहिलं तर मीच उद्या दुसरं काही तरी खरं मानून बसेन.

दुपारी बारा वाजता बोरीबंदरला उतरलो. धर्मशाळेत वळकटी टाकली. सोमलानं भाकरीसुद्धा खाल्ली नाही. ‘‘चार वाजता भेटू देते ना? मंग चला.’’ अडीच वाजता रस्त्यावर आलो आणि माझं सगळं पाठांतर विरघळलं. नकाशात परळ वरच्या बाजूला आहे. रस्त्यावर वरची बाजू कुठली? दोन्हीकडून ट्रामा येतात, दोन्हीकडे जातात, डोक्यावर तारांचं जाळं, आणि प्रत्येक माणूस असा चाललेला की जणू त्याला यायला उशीर झाला म्हणून घरचे रागावणार आहेत.

एक ट्राम समोर थांबली. मी ऐटीत चढलो. सोमला मागोमाग.

ट्राम चालू लागली तसा तो थोडा सैलावला. ‘‘मास्तर, हे त बैलाच्या चालीनं चालते!’’ त्याला आवडली. मग मागच्या पायरीशी गर्दी वाढली, आणि हा उठून उभा राहिला. हात हलवत मोठ्यानं म्हणाला, ‘‘ओ भाऊ! पुढं सरका जराशे! मागं बम वजन झालं, गाडी उलार व्हईन!’’

सगळा डबा वळून पाहू लागला. कंडक्टर तिकिटांना भोकं पाडत पाडत तिथंच थांबला, आणि ओरडला, ‘‘ऐका! मी सकाळपासून घसा फोडतोय, आता आजोबा सांगतायत. पुढं चला, पुढं चला!’’ लोक हसले, सरकलेही. सोमला समाधानानं खाली बसला. मी खिडकीबाहेर बघत होतो, शेजारचा म्हातारा माझा कोणी नाही असा चेहरा करून. हे मी आज केलेल्यातलं सगळ्यात लहान पाप.

एका चौकात काळ्या घोड्यावर बसलेल्या राजाचा पुतळा आला. त्याच्या पुढं थोड्या अंतरावर, म्युझियमपाशी, ट्राम थांबली आणि सगळे उतरले. आम्ही दोघं बसून राहिलो. सोमला बसला कारण त्याच्या हिशेबी गाडीवान ‘उतरा’ म्हणेपर्यंत गाडी सोडायची नसते. मी बसलो कारण मला काही कळत नव्हतं. ड्रायव्हरनं आपला दांडा काढला, डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथं लावला. कंडक्टर एकेका बाकाची पाठ खटाखट उलटी करत आला. बैल फिरवायचे नाहीत, गाडी फिरवायची नाही, नुसती पाठ फिरवायची की मागचं ते पुढं!

‘‘उठा आजोबा, पाठ फिरवतो,’’ कंडक्टर म्हणाला, आणि मग माझ्याकडे पाहून, ‘‘तुम्हाला जायचंय कुठं?’’

इतकं साफ विचारलं होतं त्यानं. भला माणूस होता. ‘परळ’ एवढा एक शब्द. पण सोमला माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मी म्हणालो, ‘‘कुठं नाही. यांना मुंबई दाखवतोय.’’

ज्याचा पोरगा दवाखान्यात पडलाय त्याला मी मुंबई दाखवतोय.

सोमलानं कमरेच्या करदोट्याला एक गाठ मारली. नवस असावा. ट्राम परत निघाली. पुन्हा तो पुतळा आला.

‘‘मास्तर, हा काया घोडा मंगा तिकल्या अंगानं व्हता.’’

‘‘मुंबईत असे पुष्कळ घोडे आहेत,’’ मी म्हणालो.

त्यानं दुसरी गाठ मारली.

पुढं ही ट्राम कुठल्या कुठल्या बाजारांतून गेली देव जाणे. उतरलो, दुसरी पकडली, तीही भलतीकडे. एका देवळाच्या घड्याळात साडेसहा वाजलेले दिसले. तेव्हा मी सोमलाला सांगितलं की आज बुधवार, आणि बुधवारी दवाखान्यात भेटू देत नाहीत, हे मी विसरलोच होतो. तो म्हणाला, ‘‘असन बाप्पा. तुमाले ठाऊक.’’

२२ जानेवारी, गुरुवार.

आज ट्राम बरोबर दिशेची होती. हे मला ती भायखळ्याला पोचल्यावर कळलं, कारण दुकानांच्या पाट्यांवर भायखळा लिहिलेलं होतं आणि नकाशात ते परळच्या वाटेवरच आहे. इतका हुरूप आला की पुढं एक मोठी दगडी इमारत दिसताच ‘आलं, आलं, उतरा’ म्हणालो. ती इमारत दवाखाना नव्हती. काय होती ते मी विचारलंच नाही. तासभर तिच्याभोवती फिरलो. सोमलाच्या वहाणेचा अंगठा तुटला, त्यानं तो दोरीनं बांधला. चार-चारदा लोक जवळून गेले. चहावाला, पानवाला, टोपीतला पोलीस. प्रत्येक वेळी मी तोंड उघडायचं ठरवलं आणि प्रत्येक वेळी भिंतीवरची ती गेरूची ट्राम डोळ्यांपुढं आली. पोरांनी हात वर केलेले : ‘गुर्जी, परळ कोन्या थांब्यानंतर येते?’

दवाखाना सापडला तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. दाराशी पहारेकरी. ‘‘टाइम खतम. कल आना.’’ सोमलानं हात जोडले, कार्ड दाखवलं. पहारेकरी वाईट नव्हता, पण नियम म्हणजे नियम.

आत चार मजली इमारत, ओळीनं खिडक्या. सोमला त्या खिडक्यांकडे पाहत राहिला. मग दोन्ही हात तोंडाशी धरून, शिवारातून पलीकडच्या माणसाला घालतात तशी हाक घातली, ‘‘देवलाऽऽ! ओ देवलाऽऽ!’’

रस्ता थांबला. पहारेकरी धावला, ‘‘ए बाबा, बीमार लोग हैं!’’ लोक वळून पाहू लागले, एकजण हसला. आणि मी? मी दहा पावलं बाजूला जाऊन एका दुकानाची पाटी वाचत उभा राहिलो. लोकांना वाटू नये की हा माझ्याबरोबर आहे. पाटीवर काय होतं तेसुद्धा आठवत नाही.

त्यानं तीनदा हाक घातली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘‘चला मास्तर. तुमी दमले असान.’’

शालिग्राम मास्तरा, तुझ्या जिभेला काय झालं होतं रे?

२३ जानेवारी, शुक्रवार.

सकाळी सोमला तोंड धुवायला म्हणून लोटा घेऊन गेला तो दोन तासांनी आला. मी म्हणालो, ‘‘एवढा वेळ?’’ तो म्हणाला, ‘‘नळाशी गर्दी व्हती.’’

दोन वाजता निघालो. मी या बाजूला उभा राहिलो, तर तो आपला रस्ता ओलांडून पलीकडे. एक ट्राम आली, तो हलला नाही. दुसरी आली, हलला नाही. तिसरीत चढून बसला. मी धावत मागून चढलो. ट्राम थेट परळला गेली. म्हाताऱ्याचं नशीब, दुसरं काय. सारा वेळ तो त्या करदोट्याच्या गाठी चाचपत होता, आणि थांबा यायच्या आधीच उठून उभा राहिला.

चारला आत सोडलं. देवला खाटेवर. चोवीस-पंचवीसचा धिप्पाड गडी, तोंड काळंठिक्कर पडलेलं, पायावर चादरीचा तंबू. बापाला पाहिलं आणि लहान पोरासारखा रडू लागला. ‘‘बापू, मी रोज वाट पाहून राह्यलो. कवा आलास?’’

सोमला म्हणाला, ‘‘आजच आलो रे. सकायच्या गाडीनं.’’

‘‘काल सांजी मले तुहा आवाज आल्यावानी वाटला. तीनदा. म्या उठून बसलो त नर्सबाई म्हने, ताप हाये, झोप.’’

‘‘भास झाला असन,’’ सोमला म्हणाला, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग डॉक्टर आले. तरुण, मराठी बोलणारे. सोमलाच्या अंगठ्याला शाई लावली. मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘आम्ही रोज समजावत होतो, हा ऐकेना. परवा, बुधवारी आला असता तुम्ही तर पाऊल गेलं असतं, घोट्याच्या वरचं राहिलं असतं. आता विष चढलंय. मांडीत कापावं लागेल.’’

मी विचारलं, ‘‘काल आलो असतो तर?’’

‘‘काल गुडघा वाचवून पाहिला असता,’’ ते म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

तासाभरात देवलाला नेलं. सोमला भिंतीशी उकिडवा बसला. मी त्याच्याजवळ बसलो. त्यानं मला पोराच्या देखत वाचवलं. केवढं मन या अडाणी म्हाताऱ्याचं! मला त्याचे पाय धरावेसे वाटले, पण धरले नाहीत. लोक होते.

२७ जानेवारी, मंगळवार. किन्हीराजा.

देवला जगला. सोमला तिकडेच राहिला, मी शाळेसाठी परतलो. एकटा बोरीबंदरला आलो तेव्हा ट्रामनं आलो, कंडक्टरला विचारून. विचारायला काहीच लागलं नाही. ‘‘बोरीबंदर आलं की सांगा हो,’’ म्हणालो, आणि आल्यावर त्यानं सांगितलं.

पारावर मामंजींनी विचारलं, ‘‘सापडलं ना पटकन?’’ मी म्हणालो, ‘‘हो.’’

पिशवी रिकामी करताना प्रयाग म्हणाली, ‘‘या खेपंले केळीचा घड नाही आनला?’’ मला काही उमगलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार.

आज देवलाला आणलं. सोमलानं गाडीत कडबा अंथरून त्याला अगदी मध्यावर बसवलं होतं. एक पाय नसलेल्या माणसाचं वजन कुठं धरायचं, हे त्यालाही नवीनच. दोन-दोनदा उतरून पाहत होता.

देवलाची बायको कमलीबाई गाडीमागून चालत होती. माझ्या घरापाशी थांबून तिनं मला नमस्कार केला. ‘‘तुमी व्हते म्हनून म्हातारा हरवला नाही, मास्तर.’’

जेवण गेलं नाही. मामंजींचा निरोप : तांड्यावर होळी झाली की धुळवडीच्या दिवशी तिथंच माझा सत्कार. शेला न् नारळ. सोमलानं होकार दिलाय म्हणे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार.

सकाळी सोमलाला नदीवर गाठलं. म्हणालो, ‘‘नाईक, मी सगळ्यांसमोर खरं सांगणार. मला मुंबई माहीत नव्हती.’’

तो बैल धूत होता. हात थांबले नाहीत. ‘‘मले ठाऊक हाये. पह्यल्याच दिशी समजलं. काया घोडा दोन डाव भेटला तवा.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

तो बैलाची दुसरी कूस घासायला लागला. ‘‘नोका सांगू मास्तर. झालं थे झालं. शेला घ्या न् गप बसा.’’ आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं तो विनवतोय. माझ्या अब्रूची केवढी काळजी! पण मी ठरवलं आहे. दुसऱ्याच्या मोठेपणावर किती दिवस जगायचं?

१ मार्च, रविवार. धुळवड.

तांड्यावर बाया फेर धरून नाचत होत्या, डफ वाजत होता. मामंजी पांढरं धोतर नेसून आलेले. देवला खाटेवर, पाठीला गोधडी. सोमला त्याच्या शेजारी. मामंजींनी शेला उलगडला, आणि मी म्हणालो, ‘‘थांबा.’’

सगळं सांगितलं. भुसावळ, नकाशा, उलटी ट्राम, ‘मुंबई दाखवतोय’, बुधवारची थाप. म्हणालो, ‘‘आम्ही शुक्रवारी नाही, बुधवारी पोचलो. गुरुवारी दारापर्यंत आलो. देवलाचा पाय माझ्या खोटेपणानं गेला. नाईकांनी माझी अब्रू राखायला तुम्हाला शुक्रवार सांगितला.’’

डफ केव्हाच थांबला होता. मला हलकं वाटलं, खरं लिहितो. वाटलं आता कोणी मारेल तर मारो. देवलाकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहतच नव्हता.

‘‘बापू,’’ तो म्हणाला. ‘‘गुरुवारी थो तुहाच आवाज व्हता?’’

सोमलाचा हात कमरेच्या करदोट्याकडे गेला.

‘‘तू मले भास म्हनला. मास्तरले वाट ठाऊक नाही, हे तुले ठाऊक व्हतं? बुधवारीच?’’

‘‘वाटाड्याले टोकत नाही रे,’’ सोमला इतक्या हळू बोलला की मला जेमतेम ऐकू आलं. ‘‘बापाची शिकवन... शुक्रवारी म्याच इचारलं एकाले. कुठी कुठी चुकलो थे गाठीवरून सांगतलं.’’

‘‘शुक्रवारी!’’ देवला म्हणाला. ‘‘तोंड त बुधवारीबी व्हतं ना तुले?’’

नळाशी गर्दी नव्हती. गाठी नवसाच्या नव्हत्या, चुकलेल्या वाटेच्या खुणा होत्या. तो नदीवर माझी अब्रू वाचवत नव्हता. आपल्या पोराच्या नजरेतली स्वतःची जागा वाचवत होता, आणि ती मी भर तांड्यात, नारळासकट, फोडली. माझं ओझं उतरवलं ते थेट त्याच्या मानेवर.

मामंजींनी शेला घडी करून काखेत मारला आणि निघून गेले. कमलीबाईनं नारळ तेवढा उचलला. म्हणाली, ‘‘आता घरी जा मास्तर.’’

घरी प्रयागनं सांगितलं, ‘‘मले लग्नाच्या वर्षीच समजलं व्हतं. मुंबईहून येनारा मानूस मुंबईची एक चीज न आनता निस्ता भुसावळच्या केळीचा घड आनते का? सारं गाव खाऊन गेलं न् कोनाच्या ध्यानात नाही आलं.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘तुमी कवा सांगता थे पाहून राह्यली व्हती,’’ ती म्हणाली. आज ती हसली नाही.

८ मार्च, रविवार.

आठ दिवस देवला बापाशी बोलत नाही. सोमला गोठ्यातच जेवतो, गोठ्यातच निजतो. शाळेत तांड्याची चारही पोरं आली नाहीत. मामंजींनी निरोप धाडला, भिंतीवरचं चित्र पुसा. ओल्या फडक्यानं घासलं. गेरू पुरता निघत नाही, पुसट ट्राम उरलीच आहे.

गोठ्यापाशी गेलो होतो. सोमला म्हणाला, ‘‘तुमचं काय चुकलं मास्तर? तुमी तांड्यावर येऊन बोलले तरी.’’ एवढंच. यानं मला जेवढी लाज वाटली, तेवढी परळच्या त्या दुकानाच्या पाटीखालीही वाटली नव्हती.

१२ मार्च, गुरुवार.

आज चौथीचा वर्ग चालू असताना कुबडीचा आवाज आला. देवला. दारात टेकून उभा. पोरं उठून उभी राहिली.

त्यानं आधी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘‘मास्तर, ट्रामले दोन्हीकून तोंड राह्यते. तुमी एकच काढलं व्हतं.’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘मला माहीत नव्हतं.’’

‘‘दोन महिन्यांनी मले लाकडी पाय बसवायले बलावलं हाये. परळले.’’ तो बाकावर बसला, कुबडी आडवी ठेवली. ‘‘चिठ्ठी लिवून द्या. जाड कागदावर. गयात बांधीन.’’

‘‘काय लिहू?’’

‘‘लिवा, मले वाट ठाऊक नाही, मले परळले उतरवून द्या.’’

‘‘तुम्ही तर दोन वर्षं मुंबईत होतात.’’

‘‘गोदी ठाऊक हाये. परळले त मले बेसुद्ध नेलं व्हतं.’’

मी लिहिली. एक ओळ. शाई सुकायच्या आत लिहून झाली. कागद हातात देताना तो म्हणाला, ‘‘आनखी एक लिवा. बापू संगं येते म्हने. थो काही इचारनार नाही, मले ठाऊक हाये. त्याची चिठ्ठी इचारन.’’

‘‘बोलला का त्यांच्याशी?’’

‘‘नाही अजून. चिठ्ठी बांधताना बोलीन.’’

दुसरी लिहिली. ‘परळ’मधला ‘ळ’ वाकडा झाला. देवलानं दोन्ही कागद घडी करून खिशात घातले, कुबडी उचलली, दारापर्यंत गेला आणि वळला.

‘‘तुमालेबी लिवून घ्या एक,’’ तो म्हणाला. हसला की नाही, सांगता येत नाही, उजेड पाठीमागे होता.

पोरं गेल्यावर तिसरी लिहिली. ती इथं डकवली आहे.

‘मला वाट माहीत नाही. मला परळला उतरवून द्या.’